दहा आणि पाचच्या मधलं

सरांना बीजगणित येत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. एक ते स्वतः, आणि दुसरी त्यांची थोरली बहीण. तिने त्यांना शाळेत असताना दोन वर्षं समोर बसवून शिकवलं होतं आणि शेवटी हात टेकले होते. बाकी सगळे त्यांना रुग्णवाहिका सेवेचे प्रशिक्षक म्हणून ओळखत. चोवीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस. अरुंद जिन्यातून स्ट्रेचर कसं वळवायचं, घाबरलेल्या नातेवाइकाला कोणतं काम देऊन गुंतवून ठेवायचं, धावत्या गाडीत हात कसा स्थिर ठेवायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. ऑक्सिजनचं म्हणाल, तर सिलिंडरच्या काट्याकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "पोहोचू." आणि गाडी पोहोचायची.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा सेवेच्या साहेबांनी त्यांना गाडीवरून उतरवलं आणि वर्गात उभं केलं. वर्ग म्हणजे गॅरेजच्या वरची लांबट खोली. खाली इंजिन सुरू झालं की वर खिडकीची काच थरथरायची आणि सर तेवढा वेळ बोलायचे थांबायचे.

नजर काही शिकवता येत नाही. म्हणून सरांनी एक कार्ड छापून घेतलं होतं. खिशात मावेल एवढं, प्लास्टिकच्या पाकिटातलं. त्यावर एकच ओळ:

वेळ = आकार × (दाब − राखीव) ÷ प्रवाह

"आकार म्हणजे सिलिंडर किती लिटरचा," सर सांगायचे. "आपल्या मोठ्या गाड्यांना दहाचा असतो. दाब म्हणजे काटा दाखवील तो आकडा. राखीव म्हणजे तळाला सोडायचे वीस, त्यांना हात लावायचा नाही. प्रवाह म्हणजे रुग्णाला मिनिटाला किती लिटर देताय ते. हे चार आकडे घाला, ऑक्सिजन किती मिनिटं पुरेल ते बाहेर पडेल. पाठ करा, झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे."

ही ओळ त्यांनी ज्या जाड पुस्तकातून उतरवली होती, त्यात तिच्याखाली आणखी अर्धं पान होतं. तिथे तेच सूत्र अक्षरांत लिहून इकडून तिकडे फिरवलं होतं. सरांनी ते अर्धं पान दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि मग पान उलटलं. कार्डावर तेवढी जागाही नव्हती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्या वर्षीच्या तुकडीत एक बाई होती. वय तिशीच्या आसपास. आधी आठ वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम केलेली. तिला प्रश्न फार पडायचे. पट्टा डावीकडूनच का बांधायचा, रुग्ण डावरा असेल तर काय, आधी बूट काढायचे की आधी नाडी बघायची. आठवडाभरात सरांनी तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं. ती वर्गात शिरली की कुणीतरी म्हणायचं, "आली प्रश्नपत्रिका, वेळ तीन तास." तीही हसायची. नाव चिकटलं ते चिकटलंच.

कार्ड वाटलं त्या दिवशी तिने हात वर केला.

"सर, ह्यातून वेळ निघतो. पण वेळ तर मला माहीत असतो. किती वेळ लागेल ते ड्रायव्हरकाका सांगतात. मला दुसरंच काही हवं असेल तर? म्हणजे सिलिंडर एवढा भरलेला आहे, रस्ता एवढा आहे, तर जास्तीत जास्त किती प्रवाह देता येईल? ते ह्यातून कसं काढायचं?"

उत्तर त्या उलटलेल्या अर्ध्या पानावर होतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. वर्गात बारा जण त्यांच्याकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "अक्षरं इकडची तिकडे करत बसायचं असेल तर पुन्हा शाळेत नाव घाला. इथे माणसं वाचवायची असतात. सूत्र जसं आहे तसं पाठ करा."

वर्ग हसला. ती खाली बसली. तिने कार्ड खिशात ठेवलं आणि त्यानंतर त्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. सरांना तेव्हा बरंच वाटलं होतं, हे पुढे त्यांना फार आठवायचं.

सात महिन्यांनी, एका दुपारी, ती एका म्हाताऱ्या घड्याळजींना घेऊन लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयाकडे निघाली. घड्याळजींच्या फुप्फुसांना सूज होती. डॉक्टरांनी मिनिटाला दहा लिटर प्रवाह लावून दिला होता आणि बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के दाखवत होतं. त्यांची बायको पुढे ड्रायव्हरकाकांशेजारी बसली होती. निघताना काटा एकशे तीसवर होता. बाईने कार्ड काढून हिशेब केला: एकशे दहा मिनिटं. काका म्हणाले, सत्तर मिनिटांत पोहोचवतो. जादाचा सिलिंडर भरायला गेलेला होता, पण एवढं अंतर असताना कुणाला त्याची काळजी वाटली नाही.

चाळीस मिनिटांवर पुलाच्या तोंडाशी एक मालट्रक आडवा झालेला होता. काकांनी अर्धा तास वाट पाहिली, मग गाडी मागे घेतली. "वळसा मारावा लागेल," ते जाळीतून ओरडून म्हणाले, "इथून आणखी पन्नास मिनिटं धर." तोवर काटा साठावर उतरला होता.

पन्नास मिनिटं, साठ दाब, दहाचा सिलिंडर. बाईने कार्ड आणि कागद-पेन काढलं. प्रवाह दहाच ठेवला तर? चाळीस मिनिटं. पुरत नाही. पाच केला तर? ऐंशी मिनिटं. पुरतो. मधे कुठेतरी बरोबर आकडा होता, आणि तो शोधायला तिने पेन पुन्हा टेकवलं, तेवढ्यात गाडी खड्ड्यात आपटली आणि घड्याळजींनी घाबरून तोंडावरचा मास्क ओढून काढला. तिने कागद टाकला. मास्क बसवला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि प्रवाह पाचवर आणून ठेवला.

पंधरा मिनिटांत यंत्र चौऱ्याऐंशीवर आलं, मग ऐंशीच्या खाली. वाढवावा, तर अर्ध्या रस्त्यात सिलिंडर संपेल आणि मग काहीच उरणार नाही. एवढं एकच तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हात सोडले की घड्याळजी पुन्हा मास्क ओढायचे, त्यामुळे कागद परत उचलता आला नाही आणि तिने पाचला हात लावला नाही. घड्याळजींची नखं निळी पडली. रुग्णालयाच्या दारात त्यांचं हृदय थांबलं. तिथल्या डॉक्टरांनी ते चार मिनिटांनी पुन्हा सुरू केलं.

काटा तेव्हा पस्तीसवर होता.

चौकशी सेवेच्या कार्यालयात झाली. साहेब, रुग्णालयाच्या एक डॉक्टरीण बाई आणि टिपणं घेणारा कारकून. घड्याळजी वाचले होते, पण डावा हात नीट हलत नव्हता आणि बोलताना शब्द सापडत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"राखीव सोडूनही ह्यात दीडशे लिटर ऑक्सिजन होता. म्हणजे रोगी ऑक्सिजन शिल्लक असताना गुदमरला. हे मला समजून घ्यायचंय."

बाईने सगळं सांगितलं. दहा टाकून पाहिले, पाच टाकून पाहिले, मधलं काढता आलं नाही. काहीही लपवलं नाही. वर्गात काय झालं होतं, तेवढं मात्र ती बोलली नाही.

मग साहेबांनी सरांना विचारलं, "प्रशिक्षणात हे शिकवलेलं आहे?"

सर उभे राहिले. बाई त्यांच्याकडे बघत होती. नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. वर्गात हात वर केल्यावर जशी बघायची तशीच.

"सूत्र दिलेलं आहे," सर म्हणाले. "प्रत्येकाच्या खिशात कार्ड आहे."

वाक्य खरं होतं. त्यातला एक शब्दही कुणाला खोडता आला नसता. कारकुनाने ते लिहून घेतलं आणि सर खाली बसले. दोन दिवसांनी बाईला गाडीवरून काढल्याचं पत्र निघालं.

त्यानंतर सरांचं जेवणावरून मन उडालं. बायकोने विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणाले. वर्गात शिकवता शिकवता मधेच थांबायचे, खाली इंजिन सुरू नसतानाही. नव्या तुकडीत कार्डं वाटायची वेळ आली तेव्हा गठ्ठा टेबलावर ठेवून ते पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि तास संपेपर्यंत आत आलेच नाहीत. सगळ्यात छळायचं ते हे, की आपण खोटं बोललो नाही. खोटं बोललो असतो तर निदान चुकीची कबुली देता आली असती. इथे कबूल करायला काही हाताशीच लागत नव्हतं. होतं ते फक्त एक उलटलेलं पान.

रविवारी सकाळी ते ताईकडे गेले. ताई शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ती गच्चीत कुंड्यांची माती बदलत होती.

"ताई, मला एक सांग," सर स्टुलावर बसत म्हणाले. "सूत्रातली अक्षरं इकडची तिकडे का करायची?"

ताईने हातातली खुरपी थांबवली. "सत्तावन्नाव्या वर्षी? का रे, परीक्षेला बसतोयस का?"

"बसलो होतो," सर म्हणाले. "नापास झालो." आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पुस्तकाचं पान, प्रश्नपत्रिका, वर्गातलं हसणं, पस्तीसवरचा काटा, चौकशीतलं वाक्य. ताईने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या बाबतीत हे नवल होतं.

मग तिने हात धुतले आणि आतून एक वही आणली.

"तुझं कार्ड लिही. पूर्ण शब्द नकोत, पहिलं अक्षर लिही."

सरांनी लिहिलं: वे = आ (दा − रा) ÷ प्र.

"हे कशाचं सूत्र आहे?"

"वेळेचं."

"इथेच चुकतोस. लहानपणापासून इथेच चुकतोस. हे वेळेचं नाही. ह्या पाच जणांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते ह्यात लिहिलंय. डावीकडे 'वे' एकटा बसलाय, कारण ज्याने छापलं त्याला वेळ हवा होता. तुझ्या त्या बाईला काय हवं होतं?"

"प्रवाह."

"आणि काय माहीत होतं?"

"बाकी सगळं."

"मग 'प्र'ला एकटं बसवायला हवं होतं. तेवढ्यासाठी फिरवायचं. नातं तेच राहतं, विचारणाऱ्याचा प्रश्न बदलतो. जे माहीत नाही ते एका बाजूला, जे माहीत आहे ते सगळं दुसऱ्या बाजूला. मग विचार करायला काही उरत नाही, नुसते आकडे घालायचे."

सर वहीकडे बघत राहिले. "पण आकडे आधीच घालून का नाही सोडवायचं? अक्षरांचा खटाटोप कशाला? मी तर आयुष्यभर आकडेच बघत आलो."

"तू स्वस्थ बसून सोडवशील. ती कुठे बसली होती?"

सरांनी पेन खाली ठेवलं.

"आकडे घालून सोडवलंस तर ते त्या एका दुपारचं उत्तर," ताई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुसरा रोगी, दुसरा रस्ता, की परत पहिल्यापासून. तेही हलत्या गाडीत, एका हाताने माणूस धरून. अक्षरांत एकदा फिरवून ठेवलंस, की पुढच्या सगळ्या दुपारींचं अवघड काम घरी बसून, शांत डोक्याने झालेलं असतं. गाडीत उरतो तो नुसता गुणाकार-भागाकार. कर आता. दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, एवढा एकच नियम."

सरांनी दोन्ही बाजूंना 'प्र'ने गुणलं. उजवीकडचा भागाकार निघून गेला. मग दोन्ही बाजूंना 'वे'ने भागलं. वहीत दोन नव्या ओळी झाल्या होत्या. दुसरी होती:

प्र = आ (दा − रा) ÷ वे

"घाल आकडे," ताई म्हणाली.

साठातून वीस गेले, चाळीस. दहाने गुणले, चारशे. पन्नासने भागले.

आठ.

सर तो आठ कितीतरी वेळ बघत बसले. मिनिटाला आठ लिटर. दहापेक्षा थोडेच कमी. घड्याळजी थोडे दमले असते, यंत्र नव्वदच्या आगेमागे राहिलं असतं आणि गाडी दारात पोहोचली असती तेव्हा काटा बरोब्बर वीसवर असता. दोन ओळी. त्यांना स्वतःला, ह्या डोक्याने, चार मिनिटं लागली होती. बाईला त्या दिवशी वर्गात दोन लागली असती.

"आता दाबाचं कर," ताई म्हणाली. तिने बहुतेक मुद्दामच त्यांना तिथे थांबू दिलं नाही. "निघताना सिलिंडर निवडायचा असतो ना? मग काट्यावर किमान किती हवं ते आधी कळलं पाहिजे."

सरांनी तेच आठ लिटर आणि पन्नास मिनिटं घेऊन केलं आणि चुकले. राखीव आधीच मिळवून बसले. उत्तर आलं बेचाळीस. ताईने "बरोबर की चूक?" एवढंच विचारलं. सरांनी बेचाळीस मूळ ओळीत घालून पाहिलं, तर ऑक्सिजन अठ्ठावीस मिनिटांतच संपत होता. ते परत मागे गेले. कंस म्हणजे एक बंद पिशवी, आधी बाहेरच्या 'आ'ला दूर करायचं आणि मग आत हात घालायचा, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं. ह्या खेपेला साठ आले. तोच साठ, जो त्या दिवशी काट्यावर होता.

"म्हणजे पुरेसा होता गं," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली. "पुरेसा होता."

सोमवारी सर साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर एक अर्ज ठेवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"चौकशीत मी अर्धं बोललो. उरलेलं अर्धं लिहिलंय. त्या बाईने नेमका हाच प्रश्न वर्गात विचारला होता. पुस्तकात उत्तर होतं. मला ते येत नव्हतं म्हणून मी शिकवलं नाही, आणि तिने विचारलं तेव्हा तिची चेष्टा केली."

"प्रकरण मिटलंय. कशाला खपली काढताय? तुमची तीन वर्षं राहिलीत."

"तिची तीस राहिली होती," सर म्हणाले.

साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. "हे मी पुढे पाठवलं तर तुम्हाला वर्गात ठेवता येणार नाही."

"ठेवू नका."

"आणि तिलाही सगळं माफ होईल असं नाही. यंत्र खाली येत होतं तेव्हा तिने हात बांधून बसायला नको होतं."

"माहीत आहे. तिच्या वाट्याचं तिच्याकडे राहू द्या. माझ्या वाट्याचंही तिच्याकडे गेलंय, तेवढं परत घ्यायला आलोय."

अर्ज पुढे गेला. सरांची बदली भांडारात झाली. सिलिंडर उतरवून घेणं, काटे तपासणं, नोंदी ठेवणं. वर्गात दुसऱ्या कुणाला आणलं. बाईचं प्रकरण पुन्हा उघडलं, आणि दीड महिन्याने निकाल आला: कडक ताकीद, सहा महिने अनुभवी माणसाच्या हाताखाली काम, आणि मग पुन्हा गाडी. सरांना वाटलं होतं, हे ऐकून छातीवरचा दगड उतरेल. नाही उतरला.

एक दिवस ते रुग्णालयात गेले. घड्याळजी अजून तिथेच होते, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. खाटेशेजारी बाई बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होती. सर दारातच थबकले. तिने मान वर केली, पेपरची घडी घातली आणि बाहेर आली.

"तू इथे?" सर म्हणाले.

"रोज येते. दुपारी मावशी घरी जाऊन येतात, तेवढा वेळ." मावशी म्हणजे घड्याळजींची बायको. "त्यांनी एकदा हाकलून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आले, तर बस म्हणाल्या."

व्हरांड्यात दोन बाकं होती. दोघं एकाच बाकावर बसली, मधे एका माणसाची जागा सोडून.

"तुमच्या अर्जाचं कळलं मला," बाई म्हणाली.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हो."

एक परिचारिका ट्रॉली ढकलत समोरून गेली. मग बाईने विचारलं, "तुम्हाला खरंच येत नव्हतं?"

"नाही."

"मग तसं म्हणायचं होतंत, सर. मला येत नाही, एवढंच. मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. तुम्ही चेष्टा केलीत, तेव्हा मला वाटलं, प्रश्नच वेडगळ आहे. मी परत कुणालाच विचारलं नाही."

सरांनी मान खाली घातली. माफी मागायची म्हणून ते घरून चार वाक्यं जुळवून आले होते. त्यातलं एकही आता उच्चारण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. खिशातून त्यांनी ताईच्या वहीतलं पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती पहिली ओळ वाचून थांबली नाही. दोन्ही मांडण्यांवरून बोट फिरवत खाली गेली, मग तिने पेन मागून घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यात स्वतःच 'आ'ला एकटं बसवलं. "लहान सिलिंडर घेऊन चालेल का, हे विचारायचं झालं तर हे लागेल," ती म्हणाली. तिला अर्धं मिनिट लागलं. सरांना त्या क्षणी आपल्या सगळ्या चोवीस वर्षांची लाज वाटली.

"हे पान वर्गात दे," ते म्हणाले. "माझ्या नावाने नको."

"देईन. कुणाच्या नावाने ते बघू."

तेवढ्यात जिन्यावरून मावशी वर आल्या. हातात डबा होता, दम लागलेला होता. बाईने उठून डबा घेतला आणि आत गेली. सर मावशींसमोर उभे राहिले. आत्ता बोललो नाही तर पुन्हा ते पान उलटलं जाईल, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी सांगितलं. कार्डाचं, वर्गाचं, चौकशीचं. आठ लिटरचंही सांगितलं. ते लपवणं सोपं होतं, आणि कदाचित दयेचंही ठरलं असतं.

मावशींनी ऐकून घेतलं. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

"म्हणजे ते धड असते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आता हे मला सांगून तुम्हाला मोकळं वाटत असेल."

"नाही वाटत," सर म्हणाले.

"मला पण नाही वाटत. इतके दिवस मी म्हणत होते, नशिबात होतं. तेवढं तरी होतं माझ्याकडे. ते तुम्ही काढून घेतलंत." त्यांचा आवाज चढला नव्हता. पदराने त्यांनी तोंड पुसलं आणि वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "व्यायामाची खोली वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद पडलीय. त्यांना धरून चढवायला मला एकटीला झेपत नाही, आणि ही पोरगी आता कामावर जाणार. तुम्हाला माणसं जिन्यातून न्यायची सवय आहे ना?"

"आहे."

"गुरुवारी या. दहा वाजता."

सर गुरुवारी गेले. घड्याळजी आता उभे राहू शकत होते. सरांनी त्यांचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला, कमरेला घट्ट धरलं आणि पहिल्या पायरीशी थांबून त्यांचा श्वास बघितला. स्वतःचे गुडघे ठणकत होते. मावशी मागून औषधांची पिशवी घेऊन येत होत्या आणि सरांशी एक शब्द बोलत नव्हत्या. पुढच्या गुरुवारीही बोलल्या नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही.

चौथ्या गुरुवारी जिन्याच्या वळणावर घड्याळजी थांबले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून सरही थांबले.

"तुम्ही... कोण?" घड्याळजींनी विचारलं.

मावशी मागे दोन पायऱ्यांवर होत्या.

"त्या मुलीला गाडीवरचं काम मी शिकवलं," सर म्हणाले.

घड्याळजींनी मान हलवली. पुन्हा शब्द शोधला, बराच वेळ शोधला. आपल्या खांद्यावरचा त्यांचा हात सरांना जड वाटत होता.

"हुशार आहे," ते म्हणाले. "चांगलं... शिकवलंत."

सरांनी वर पाहिलं. अजून नऊ पायऱ्या होत्या. "चला," ते म्हणाले, "उजवा पाय आधी." आणि घड्याळजींनी उजवा पाय उचलला.